द चा म

माजघरात वाटीत चमचा पडला. त्याआधी पाच-दहा मिनिटं आमच्या घरात कुणी मोठ्यानं श्वाससुद्धा घेतला नव्हता.

“पडला,” आतून आई म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं तरी.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, इंदुमती फडतरे. बाहेरच्या खोलीला आम्ही प्रेस म्हणायचो. तिथं टेबलावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडला होता. जगदाळ्यांकडचे चौघे जण तो आपटून नुकतेच गेले होते. अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, वरची पत्रिका डोळ्यांशी धरली होती आणि ते एकच नाव परत परत वाचत होते. नवऱ्यामुलाच्या आजोबांचं. दादासाहेब जगदाळे. पत्रिकेत छापलं होतं, मादासाहेब.

“निम्म्या तालुक्यात वाटून झाल्यात,” अण्णा म्हणाले. “म्हातारा पारावर आला की पोरं ओरडतात म्हणे, मादा आली, मादा आली.”

अवधूत, माझा नवरा, हसू दाबायला गेला आणि ते नाकातून बाहेर आलं.

“हस. उद्या आपल्या दारावरनं जातानाही हसतील लोक. अगं, बाहेर ये जरा!”

आई पदराला हात पुसत आल्या. पत्रिका घेऊन त्यांनी एकदा वाचली आणि टेबलावर ठेवली.

“प्रूफवर दादासाहेब होतं. थोरल्या जगदाळ्यांची सही आहे त्यावर. फाइल काढून बघा.”

“प्रूफ बघितलं आम्ही. प्रूफ बरोबरच आहे. पुढं काय केलंस?”

“पुढं फक्त मुहूर्त बदलला. बारा पस्तीसचा बारा बेचाळीस. नावाला हातसुद्धा लावला नाही मी.”

“लावला नाहीस, का लावलेला आठवत नाही?”

हे अवधूत म्हणाला. सहज म्हणाला, पण ही गोष्ट त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कुणी तोंडानं काढली.

आई त्याच्याकडे वळल्या. “तुझ्या बारशाला कुणी काय आणलं ते सांगू ओळीनं? पाळण्याला कुणी हात लावला, कोण रुसून गेलं, सांगू?”

“जुनं राहतंच गं,” अण्णा म्हणाले. “जायला लागतं ते आत्ताचं. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं.”

आईंनी टेबलावरची पत्रिका उलटी करून ठेवली. हे ऐकणं त्यांच्यासाठी किती होतं ते सांगायला हवं. फलटणला आमच्याकडे पत्रिका छापायला लोक यायचे ते कागदासाठी नाही, शाईसाठीही नाही. आईंच्या डोक्यासाठी यायचे. पत्रिकेत निमंत्रकांची नावं लावणं म्हणजे सुरुंगावर चालणं. चुलत्याचं नाव मामाच्या खाली गेलं तर लग्नात जेवण सोडून उठणारी माणसं आमच्या भागात आहेत. कोण थोरला, कोण धाकटा, कुणाच्या नावामागं आता कै. लावायचं, कोणत्या दोन भावांची नावं एका ओळीत चालत नाहीत, हे सगळं आईंना तोंडपाठ. लोक नुसतं म्हणायचे, “इंदूताई, नेहमीसारखं लावा,” आणि निघून जायचे. कचेरीसमोर टाइपरायटर घेऊन बसल्यापासून त्यांनी हे जमवलेलं होतं.

पण गेल्या दोन महिन्यांत चुका व्हायला लागल्या होत्या. दिलीपचा मिलीप. रामरावचा सामराव. देशमुखांचं मेशमुख. कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं, त्यानं धूळ झाडली, व्हायरस काढला आणि चहा पिता पिता म्हणाला, “काकू, मशिन ठणठणीत आहे. मशिन चुकत नाही, माणूस चुकतो.” अण्णांना हे वाक्य फार आवडलं.

मी दारात उभी राहून ऐकत होते. लग्नाला आठ महिने झाले होते. माहेरी असताना मी साताऱ्याला कॉम्प्युटर हार्डवेअरचा वर्षाचा कोर्स केला होता. वर्गात आम्ही मुली दोघीच होतो. मला बघायला आले तेव्हा अण्णा म्हणाले होते, “प्रेसला उपयोग होईल.” पण प्रेसमधली खुर्ची आईंची होती. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, “मी टाइप करू का थोडं?” त्या म्हणाल्या, “आधी भाकरी गोल येऊ दे.” त्यानंतर भाकरी गोल आली, पण खुर्ची नाही आली.

त्या रात्री भांडी घासून झाल्यावर मी कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं सगळ्या चुका एकाखाली एक लिहिल्या. द चा म. र चा स. परत द चा म. परत द चा म. म चा द मात्र एकदाही नाही, स चा र एकदाही नाही. आणि कीबोर्डवर द उजव्या हाताला वरच्या ओळीत, म डाव्या हाताला खालच्या ओळीत. विसराळू माणूस असा शिस्तीत चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा आणि अवधूत जगदाळ्यांच्या पाया पडायला गेले. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी माझ्या ट्रंकेतून कोर्सची सीडी काढली. तिच्यावर सरांनी मार्करनं ‘मेमरी टेस्ट’ असं लिहिलेलं होतं. सीडी घालून मशिन बंद-चालू केलं. अशी सीडी असली की नेहमीचं काही उघडतच नाही. मशिन दुसरं काही करायच्या आधी फक्त स्वतःची मेमरी तपासतं. मेमरीच्या एकेका घरात एक आकडा ठेवायचा, मग परत जाऊन विचारायचं, काय ठेवलं होतं? ठेवला तोच निघाला तर पुढचं घर. लाखो घरं. सर म्हणायचे, “हे म्हणजे सासू सुनेचे डबे तपासते तसं आहे.” वर्गातली सगळी पोरं हसायची.

पडदा निळा झाला. टक्के सरकायला लागले. मी तिथंच जमिनीवर बसून लसूण सोलत होते. बावीस टक्के, तेवीस. साठ. मला वाटलं, काही निघत नाही, कॉम्प्युटरवाला बरोबर होता. आणि एकदम खालच्या बाजूला एक लाल ओळ उमटली. मग तिच्याखाली दुसरी. मग भराभर, मुंग्यांसारख्या.

मी मशिन बंद केलं, खोका उघडला. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, कधी कधी नुसत्या मळानंही असं होतं. परत बसवल्या. परत लाल. मग एकेक पट्टी वेगळी लावून बघितली. पहिली शेवटपर्यंत स्वच्छ गेली. दुसरीवर चौसष्ट टक्क्यांना लाल. प्रत्येक वेळी तेच घर, त्याच जागी. मशिनला अक्षर म्हणजेही आकडाच. त्या घरात कुठलाही आकडा ठेवा, ते थोडा वाढवूनच परत द्यायचं. द ठेवला की म निघायचा, र ठेवला की स.

मला आठवतं, माझे हात लसणाच्या वासाचे होते आणि मी एकटीच हसले. मला आनंद झाला होता. खराब पट्टी मी पोलक्यात ठेवली, खोका बंद केला, आणि वाक्य तयार करत बसले. ‘आई, तुमची काही चूक नाही. मशिनचीच मेमरी गेलीय.’ हे वाक्य मी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणणार होते. मग आई म्हणतील, बस गं माझ्याशेजारी. असं काहीबाही मी मनात रचत होते.

संध्याकाळी दोघं आले. जगदाळ्यांनी त्यांना अंगणातच उभं केलं होतं, पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. अण्णांनी चहाची बशी दोनदा तोंडाशी नेली आणि दोनदा खाली ठेवली.

“उद्या सकाळी एक होऊन जाऊ दे,” ते म्हणाले. “तू एक पत्रिका कर, आमच्यासमोर. एकही चूक निघाली नाही तर परत या घरात कुणी शब्द काढायचा नाही. निघाली, तर खुर्चीत सूनबाई बसेल.”

“ही?” आई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

“ही बसणार माझ्या खुर्चीत? स्क्रू पिळणारी सून आणली मी हौसेनं. आठ महिने झाले घरात येऊन. ना हिची भाकरी फुगते, ना पोट.”

अण्णा हसले. दिवसभरात पहिल्यांदा हसले बिचारे. आणि अवधूतचं हसू नाकातून बाहेर आलं.

मला दिवस गेले होते हे आणि दोन महिन्यांपूर्वी मोरीत काय झालं ते फक्त अवधूतला माहीत होतं. त्यानंच घमेलं धुतलं होतं. त्यानंच म्हटलं होतं, आत्ता आईला सांगायला नको, ती मनाला लावून घेईल.

मी चहाचे कप उचलले आणि आत गेले. वाक्य तसंच राहिलं.

सकाळी आई न्हाणीघरात गेल्या. पाण्याचा आवाज सुरू झाला, तसा मी प्रेसमध्ये जाऊन खोका उघडला. पोलक्यातली पट्टी काढली आणि तिच्या जागी परत बसवली. दोन्ही बाजूच्या खिट्ट्या टक टक करून बसल्या. मी स्वतःशी म्हटलं, चूक होईलच असं थोडंच आहे? अक्षर नेमकं त्या घरात पडायला पाहिजे. नाही पडलं तर आई सुटल्या, मीही सुटले. मी फक्त जिथली वस्तू तिथं ठेवली होती. एवढं म्हणून मी देवाला हळदकुंकू वाहिलं.

आई जरीकाठी लुगडं नेसून आल्या, लग्नाला निघाल्यासारख्या.

“कुठली पत्रिका करू?” त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, “अवधूतच्या लग्नाचीच करते. बघायला काही देऊ नका.”

“सदतीस नावं आहेत त्यात,” अवधूत म्हणाला.

“अडतीस. तुझी भोरची आत्या तू नेहमीच विसरतोस.”

त्या टाइप करायला लागल्या. तोंडानं म्हणत होत्या आणि बोटं चालत होती. “श्री. जोतीराम. श्री. दत्तात्रय. हे दोघं एका ओळीत घ्यायचे नाहीत, बांधावरून भांडण आहे. कै. दगडूबाई. कै. लावून घ्या हो, माघात गेली. चि. सौ. कां. मृदुला.” माझं नाव आलं तेव्हा त्या थांबल्या नाहीत, पण त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मला वाटतं, ते हसू होतं. तेवढ्यावर मी बोलायला हवं होतं.

फाइल सेव्ह झाली, बंद झाली, परत उघडली, छापली. अण्णांनी कपाटातली जुनी पत्रिका काढली आणि दोन्ही शेजारी ठेवून बोट फिरवत वाचायला लागले. एक ओळ, दुसरी ओळ. भोरची आत्या होती. वेलांटी चुकली नव्हती. आई हाताची घडी घालून उभ्या होत्या, आणि दर ओळीला त्यांची मान थोडी थोडी वर जात होती. मीही मनात मोजत होते. तीस नावं. पस्तीस. मी घाबरले होते, आणि कशाला घाबरले होते ते मला अजून नीट सांगता येत नाही.

अण्णांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. तिथं निमंत्रक म्हणून अण्णांचं आणि आईंचं नाव होतं.

त्यांनी चष्मा काढला.

“काय झालं?” आई म्हणाल्या. “कोण राहिलं?”

अण्णांनी कागद त्यांच्याकडे सरकवला. श्री. वसंत व सौ. इंमुमती फडतरे.

कुणी हसलं नाही. आईंनी कागद खिडकीकडे धरला, मग जवळ धरला, मग अक्षरावरून अंगठा फिरवला, जसं काही माशी बसली असावी.

“हे मी लिहिलं?”

“राहू दे आता,” अण्णा म्हणाले.

“माझंच नाव?”

“राहू दे, इंदू.”

ते ओरडले असते तर आई भांडल्या असत्या. पण अण्णांनी त्यांना सगळ्यांसमोर नावानं हाक मारली, इतक्या हळू, आजाऱ्याला मारावी तशी. आईंनी कागदाची घडी घातली, घडीची घडी घातली आणि कनवटीला लावली. खुर्ची टेबलाखाली सारली. मग परत ओढली आणि माझ्याकडे बघितलं.

“बस, मृदुला.”

आठ महिन्यांत त्यांनी मला ‘अगं’ म्हणूनच बोलावलं होतं.

दुपारी सगळे पडले होते तेव्हा मी ती पट्टी परत काढली. ती मुठीत घेऊन मागच्या अंगणात निघाले, तर आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या. समोर डबे ओळीनं मांडलेले, झाकणं उघडी.

“काय शोधताय, आई?”

“काही नाही. कशात काय आहे ते न बघता सांगत होते मी. जमतंय की.” मग त्या माझ्याजवळ आल्या. “खरं सांग मला. हे दोघं सांगणार नाहीत. तू बाहेरची आहेस, तुला दिसलं असेल. मला विसरायला होतंय का गं?”

माझ्या मुठीत पट्टीचे दात रुतत होते.

“थोडं,” मी म्हणाले. “वयानं होतं, आई.”

त्यांनी मान हलवली. एकेका डब्याला झाकण लावलं. “बरं झालं, तू सांगितलंस,” त्या म्हणाल्या.

पट्टी मी भाजीच्या देठांखाली कचऱ्यात घातली. संध्याकाळी जगदाळ्यांच्या पत्रिका मी नव्यानं केल्या. एकही चूक निघाली नाही. अण्णा येईल त्याला दाखवत होते.

साताऱ्याचे डॉक्टर झाले. सकाळ-संध्याकाळ गोळ्या झाल्या. आणि आई खरंच बदलत गेल्या. भाजीला मीठ घातलं का, हे त्या मला विचारायला लागल्या. घातलेलं असायचंच. किल्ली ठेवून पुन्हा तीनदा बघायला जायच्या. मग बाजाराला एकट्या जाणं सोडलं. कुणी पत्रिका घेऊन आलं, तर आतून त्यांचा बारीक आवाज यायचा, “शंकररावांचं नाव वर घ्या, ते थोरले,” आणि लगेच पाठोपाठ, “पण मृदुलाला विचारा हो. माझं काही खरं नाही आता.” शंकरराव थोरलेच असायचे. मी ते नाव मुकाट्यानं वर घ्यायचे. तालुक्यात माझं नाव झालं, सासूच्या वर निघाली म्हणून.

जुई झाली तेव्हा दोन रात्री दवाखान्याच्या बाकावर त्याच बसल्या. चाळीस दिवस मला आणि तिला न्हाऊ घातलं. बाळाला बघायला येणाऱ्या बायकांना सांगायच्या, “माझ्या हातनं गेलेलं सगळं हिनं सावरलं. मागच्या जन्मीचं पुण्य म्हणून अशी सून मिळाली.” मी तेव्हा कूस बदलून बाळाला पाजायला घ्यायचे.

एकदा त्या माझ्या केसांना तेल लावत होत्या. बोटं अगदी हलकी होती त्यांची, लेकीला तेल लावावं तशी. मांडीवर जुई झोपली होती. मी म्हणाले, “आई, तुम्हाला एक सांगायचंय.”

“सांग की. पण आधीच सांगते, उद्यापर्यंत विसरेन हो मी,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या.

मी म्हणाले, “तेल कमी लावा.”

जुई आता पहिलीत आहे. परवा दुपारी आई वामकुक्षी घेत होत्या आणि मी पडवीत एक पत्रिका तपासत बसले होते. जुई येऊन माझ्या पाठीला लोंबकळली.

“आई, आजीनं आज माझ्या वर्गातल्या सगळ्यांची नावं सांगितली. हजेरीत आहेत तश्शी.”

“हो?”

“बेचाळीस. मी एकदाच वाचून दाखवली होती. आणि कुणाचे आजोबा कोण, ते पण सांगितलं. सईचे आजोबा कै. आहेत. कै. म्हणजे वारलेले.”

“बरं. मान सोड माझी.”

“मग मी म्हटलं, आजी, तू पहिली. तर म्हणाली, शाळेत बाईंना विचारून घे बाळ, आजीच्या डोक्याचा भरवसा नाही.” जुईनं माझी मान सोडली, पुढं आली आणि माझ्या हातातली पत्रिका बाजूला केली. बघताना तिच्या कपाळाला मधोमध एक आठी पडते. “पण मी बाईंना विचारलं. सगळी बरोबर होती.”

मी तिच्या केसांतला चाप काढून परत नीट लावला.

“आई, सांग ना. आजीला कुणी सांगितलं, तिला आठवत नाही म्हणून?”